परदेशात इंग्रजी शिकवायची ऑफर आली? पगाराचा आकडा शेवटी वाचा

ऑफर लेटर हातात पडलं की नजर आधी पगारावर जाते, आणि ते लिहिणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून आकडा वर, ठळक अक्षरांत असतो. व्हिसा कुठला, तिकीट कोणाच्या खर्चाने, मध्येच नोकरी सोडली तर काय, हे खाली बारीक टाइपात असतं, नाहीतर नसतंच. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापारी नुसता वरचा पिवळा रंग बघून भाव बोलत नाही. हळकुंड मोडून आतला गाभा बघतो. ऑफरसुद्धा तशीच मोडून बघायची. क्रम मात्र उलटा ठेवायचा: आधी व्हिसा, मग शाळा, मग एजंट, मग करार आणि सगळ्यात शेवटी पगार.

सातारा-सांगलीकडे इंग्रजीत एम.ए., बी.एड. करून सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, तासिका घेणारे, खासगी इंग्लिश मीडियममध्ये किंवा स्पोकन इंग्लिशच्या क्लासवर शिकवणारे पुष्कळ आहेत. हे सगळं त्यांच्यासाठी. यातली बहुतेक तपासणी घरी बसून, फोन आणि इंटरनेटवर, दोन-तीन संध्याकाळी उरकते आणि तिला पैसे लागत नाहीत.

पहिली पायरी: भारतीय पासपोर्टला ते दार उघडं आहे का?

हा प्रश्न सगळ्यात आधी, कारण उत्तर ‘नाही’ आलं तर पुढचं काही बघायलाच नको. इंग्रजी शिकवण्याच्या जागतिक बाजारात ‘नेटिव्ह स्पीकर’ हा शब्द इंग्रजी किती चांगलं यावर ठरत नाही, पासपोर्टवर ठरतो. हे अन्यायाचं आहे, पण नियमच तसे असले की मुलाखतीत कितीही छान बोललात तरी उपयोग नाही.

दक्षिण कोरियाचा ई-२ हा भाषाशिक्षकाचा व्हिसा सात देशांच्या नागरिकांपुरता आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया व्यापार करार २०१० पासून लागू झाला आणि त्यात भारतीयांसाठी एक फट आहे, पण ती फक्त शाळांमधल्या सहायक इंग्रजी शिक्षकाच्या जागेसाठी. त्यालाही पदवी आणि शिक्षकाची पात्रता, दोन्ही लागतं. तिथल्या खासगी शिकवण्यांना हागवॉन म्हणतात. अशा हागवॉनकडून तुम्हाला ‘ई-२ करून देतो’ असा मेसेज आला, तर तो तिथेच सोडून द्या.

चीनचा नियमही याच वळणाचा. भाषा शिकवणारा माणूस ती भाषा मातृभाषा असलेल्या देशाचा नागरिक असावा, त्याच्याकडे पदवी असावी आणि दोन वर्षांचा अनुभव किंवा अध्यापनाचं प्रमाणपत्र असावं, अशी अट आहे. म्हणून भारतीयांना बऱ्याचदा ‘आधी बिझनेस व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून घेऊ’ असं सांगितलं जातं. कामाचा व्हिसा झेड प्रकारचा असतो. दुसऱ्या कुठल्याही व्हिसावर वर्गात उभं राहणं बेकायदेशीर आहे, आणि तपासणी झाली की दंड, कोठडी आणि हद्दपारी शिक्षकाच्या वाट्याला येते.

जपानमध्ये नागरिकत्वाची अट नाही, पण शाळांमध्ये शिकवण्याच्या ‘इन्स्ट्रक्टर’ या निवास-दर्जासाठी बारा वर्षं इंग्रजी माध्यमातून शिक्षण झालेलं दाखवावं लागतं. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून शिकून पुढे इंग्रजीत एम.ए. केलेल्या माणसाचं गाडं इथे अडतं. खासगी भाषावर्गांचा निवास-दर्जा वेगळा असतो. ऑफरमध्ये नेमका कोणता दर्जा मिळणार, तो शब्दशः लिहून मागा.

थायलंडमध्ये नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, त्यावर वर्क परमिट आणि तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट, असा तिहेरी मामला असतो. पदवी लागतेच, भारतीयांकडून शाळा टोईक किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुणही मागतात. व्हिएतनाममध्ये पदवी, अध्यापनाचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी यांवर वर्क परमिट मिळतं. या दोन्ही देशांत एकाच शाळेत नेटिव्ह आणि नॉन-नेटिव्ह असे दोन पगारपत्रक असू शकतात. जाहिरातीतला आकडा कोणत्या रांगेतला, हे अर्जाआधीच विचारून टाका.

आपल्याकडच्या बी.एड.वाल्यांना सगळ्यात वास्तव वाट आखाती देशांची: अमिराती, ओमान, कतार, कुवेत, बहारीन आणि सौदीतल्या सीबीएसई शाळा. तिथे नेटिव्हचं खूळ कमी आणि बी.एड.ला किंमत जास्त. फक्त शिकवण्याच्या अनुभवाचं पत्र नीट हवं: हुद्दा, विषय, इयत्ता, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, लेटरहेड, सही, शिक्का. सीएचबीवाल्यांनी प्राचार्यांकडून दर वर्षाचं वेगळं पत्र घेऊन ठेवावं. नोकरी सोडल्यानंतर चार वर्षांनी ते मागायला गेलं की ‘रेकॉर्ड बघावं लागेल’ हे ठरलेलं उत्तर.

दुसरी पायरी: व्हिसाचं नाव लेखी घ्या

‘वर्क व्हिसा देऊ’ एवढं पुरत नाही. एक ओळीचा मेल पाठवा: व्हिसाचा प्रकार कोणता, अर्ज कोण करणार, फी कोण भरणार, आणि तो मी भारत सोडण्याआधी मिळणार की नंतर? खरी शाळा दोन दिवसांत सरळ उत्तर देते. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या’ हे उत्तर अमिरातीतून फार येतं. तिथे व्हिजिटचा एम्प्लॉयमेंट व्हिसा करता येतो हे खरं, पण तो होईपर्यंत काम करणं गुन्हा आहे, आणि न झाल्यास परतीचं तिकीट तुमच्या खिशातून. अशा ऑफरला हो म्हणायचंच असेल तर मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर आधी हातात हवं. त्यावर क्रमांक असतो आणि तो तिथल्या कामगार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. वर्ड फाइलमध्ये टाइप केलेलं, शिक्का चिकटवलेलं पत्र म्हणजे ऑफर लेटर नव्हे.

एक इशारा मात्र थांबून वाचा. २०२२ पासून परराष्ट्र मंत्रालय वारंवार सांगतंय, की थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना सीमा ओलांडून म्यानमारच्या म्यावाडी भागात डांबून ऑनलाइन फसवणुकीचं काम करायला लावलं गेलं. लाओस आणि कंबोडियातही असे अड्डे आहेत. म्हणून कामाचं ठिकाण ‘बँकॉकला उतरल्यावर सांगू’ असं असेल, किंवा पत्ता माए सोत या सीमेवरच्या गावाचा असेल, किंवा शिक्षकाच्या मुलाखतीत टायपिंगचा वेग विचारत असतील, तर तिथेच थांबा.

तिसरी पायरी: शाळा खरी आहे का?

पत्रातल्या नंबरवर फोन करून शाळा पडताळायची नाही. तो नंबर ज्याने पत्र पाठवलं त्याचाच असतो. शाळेचं संकेतस्थळ स्वतः शोधा, तिथला ऑफिसचा नंबर घ्या आणि एचआर किंवा मुख्याध्यापकांच्या ऑफिसला विचारा: ही जागा खरंच भरताय का, आणि या मेल पत्त्यावरून पत्र तुम्हीच पाठवलंय का? अमिराती आणि ओमान आपल्यापेक्षा दीड तास मागे, थायलंड आणि व्हिएतनाम दीड तास पुढे. ओमान, कुवेत, सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, म्हणजे आपल्या रविवारी तिथलं ऑफिस चालू असतं. रविवारी सकाळी अकराला केलेला फोन सहसा उचलला जातो.

मेलच्या पत्त्यातलं ॲट चिन्हानंतरचं नाव एकेक अक्षर वाचा. फसवणारे मूळ नावात एक डॅश घालतात, किंवा शेवटी ‘करिअर्स’ जोडतात. जीमेलवरून आलेली ऑफर सरसकट खोटी असं म्हणता येत नाही, छोट्या भाषावर्गांकडे कधीकधी तेवढंच असतं. पण पाचशे मुलांची शाळा जीमेल वापरत असेल तर भुवई उंचवायलाच हवी. सीबीएसई शाळा असेल तर मंडळाच्या संलग्नता यादीत परदेशी शाळाही सापडतात. तिथलं नाव आणि पत्ता पत्राशी जुळवा.

मुलाखतीवरूनही बरंच कळतं. खरी शाळा दहा-वीस मिनिटांचा डेमो लेसन मागते, आधीच्या मुख्याध्यापकांचा संदर्भ मागते, व्हिडिओवर बोलते. नुसतं व्हॉट्सॲपवर चॅट करून, डेमो न घेता, दुसऱ्या दिवशी ‘सिलेक्टेड’ म्हणणारी शाळा तुमच्या शिकवण्यात रस असलेली नाही.

मग तिथे आत्ता शिकवणाऱ्या एखाद्या भारतीय शिक्षकाला गाठा. लिंक्डइनवर शाळेचं नाव टाकलं की माणसं सापडतात. ‘शाळा कशी आहे?’ असं मोघम विचारू नका. ‘बरी आहे’ एवढंच येईल. तीन प्रश्न विचारा: गेल्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला जमा झाला? तुमचा पासपोर्ट कोणाकडे आहे? येतानाच्या तिकिटाचे पैसे कधी मिळाले? या तीन उत्तरांत शाळेची सगळी कुंडली येते.

चौथी पायरी: मध्यस्थ कोण?

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना लागतो. परवानाधारकांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे, आणि नोंदणी नसलेल्यांचीही वेगळी यादी तिथे आहे. दुकानाच्या पाटीवर ‘ओव्हरसीज’ लिहिलेलं असणं म्हणजे परवाना नव्हे. विद्यार्थी परदेशी पाठवणारी कन्सल्टन्सी ही भरती एजंट नसते. तिने ‘शिक्षकाची जागा पण आहे आमच्याकडे’ म्हटलं, की परवाना क्रमांक मागा आणि समोर बसूनच मोबाइलवर तपासा.

परवानाधारक एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये सेवाशुल्क घेऊ शकतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ३५,४०० होतात. यापुढचा प्रत्येक रुपया नियमाबाहेरचा. रोख मागणारा, पावती न देणारा, ‘व्हिसा डिपॉझिट, नंतर परत’ म्हणणारा, किंवा एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर यूपीआय करायला लावणारा, या चौघांशी बोलणं एकाच पद्धतीने संपवायचं. शंका असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा टोल फ्री नंबर आहे. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच, तासाभरात फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेवढ्यातच असते.

याच जातीतला एक सौदा म्हणजे ‘आमचा टेफल कोर्स करा, नोकरीची हमी’. टेफल म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण; ते एका संस्थेचं नाव नाही, कोणीही त्या नावाने प्रमाणपत्र छापू शकतं. बहुतेक देश आणि शाळा किमान १२० तासांचं मागतात. केंब्रिजचा सेल्टा हा अध्यापनाचा कोर्स, ती गोष्ट वेगळी: तीत १२० तासांच्या वर्गाबरोबर खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तासांचं तपासलेलं अध्यापन असतं, म्हणून ती महाग आणि म्हणूनच तिला वजन. आखातातल्या सीबीएसई शाळेत जायचं असेल तर बी.एड. असताना टेफलवर पैसे घालायची सहसा गरज नाही. आधी देश ठरवा, मग कोर्स.

पाचवी पायरी: करार, आणि तोही अर्ज करतानाच मागा

नमुना करार मागणं उद्धटपणा नाही. देत नसतील तर तेही उत्तरच आहे. करार दोन भाषांत असेल तर वाद झाल्यावर बहुधा स्थानिक भाषेतली प्रत ग्राह्य धरतात: अमिरातीत अरबी, चीनमध्ये चिनी. ती प्रत फोनच्या भाषांतर ॲपमधून काढून इंग्रजीशी ताडून बघा. पगार, मुदत आणि दंड ही तीन कलमं तरी जुळायला हवीत.

तास बघताना ‘२४ पीरियड’ या शब्दावर जाऊ नका. पीरियड ४० मिनिटांचा असेल तर ते आठवड्याला १६ तास झाले, पण शाळेत थांबायचं किती? बस ड्युटी, पेपर तपासणी, शनिवारचे जादा वर्ग, हे सगळं ‘इतर कर्तव्ये’ या दोन शब्दांत बसवलेलं असतं. पगार बारा महिन्यांचा की दहा, तेही बघा. उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार नसेल आणि खोलीचं भाडं चालूच असेल, तर वर्षाचं गणित कोलमडतं.

दंडाचं कलम नीट वाचा. वर्ष पूर्ण न करता सोडल्यास व्हिसा आणि तिकिटाचा खर्च परत करावा, असं लिहिलेलं असतं. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाचा. तो शिक्षकावर टाकता येत नाही. तिथे प्रोबेशनही सहा महिन्यांच्या वर नेता येत नाही. करारात याच्या उलट काही दिसलं, तर त्या शाळेला कायदा माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसावा अशी तिची इच्छा आहे. पासपोर्ट शाळेकडे जमा करण्याचं कलम असेल तर ते काढायला सांगा.

तिकीट ‘देऊ’ म्हणजे आधी काढून देणार, की वर्ष संपल्यावर भरपाई? राहण्याची सोय म्हणजे स्वतःची खोली की चौघांत एक? वैद्यकीय विमा पहिल्या दिवसापासून की प्रोबेशननंतर? ही तीन उत्तरं मेलवर हवीत, फोनवर नकोत.

सहावी पायरी: आता पगार

एकूण पगाराआधी बेसिक बघा. अमिरातीत एक वर्ष पुरं केल्यावर, पहिल्या पाच वर्षांपर्यंत, दरवर्षी २१ दिवसांच्या बेसिकएवढी ग्रॅच्युइटी मिळते. समजा दोन शाळा ५,००० दिरहमच देतात. पहिलीचं बेसिक ३,५००, दुसरीचं २,००० आणि बाकी भत्ते. पहिलीत वर्षाची ग्रॅच्युइटी २,४५० दिरहम, दुसरीत १,४००. दोन वर्षांत फरक २,१०० दिरहमचा, आणि पगाराचा आकडा तर तोच.

मग तासाचा भाव काढा. ५,००० देणारी शाळा आठवड्याला सहा दिवस, आठ-आठ तास थांबवत असेल तर महिन्याला २०८ तास होतात, म्हणजे तासाला २४ दिरहम. ४,४०० देणारी पाच दिवस, साडेसात तास घेत असेल तर सुमारे १६२ तास, तासाला २७. कमी पगाराची नोकरी इथे जास्त भाव देणारी निघाली.

रुपयांत गुणून आनंद होऊ देऊ नका. भाडं, जेवण, प्रवास, फोन वजा करून जे उरतं तेवढंच घरी येतं. सांगलीत तुम्ही आई-वडिलांच्या घरात राहता, भाडं शून्य आहे, हे त्या हिशेबात धरायला लोक विसरतात. पहिला पगार हातात यायला पाच-सहा आठवडे लागू शकतात, म्हणून दोन महिन्यांचा खर्च जवळ हवा. तोही कर्जाऊ काढलेला नको.

सातवी पायरी: तुमचे स्वतःचे कागद

इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि चूक बहुधा नावात असते. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. क्रमाचा फरक समजावता येतो, स्पेलिंगचा नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर चव्हाणमध्ये एच दोनदा, पदवीवर एकदाच, असं असेल तर तिकडचा कारकून ती दोन माणसं धरतो. लग्नानंतर पासपोर्टवर सासरचं नाव आणि पदवीवर माहेरचं, हा दुसरा नेहमीचा प्रकार; विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि लागल्यास राजपत्रातला नावबदल, दोन्ही तयार ठेवा. अर्ज करण्याआधी दहावी, पदवी, बी.एड., आधार आणि पासपोर्ट टेबलावर शेजारी-शेजारी मांडून अक्षरन् अक्षर जुळवा.

पासिंग सर्टिफिकेटवर भागत नाही. पदवी प्रमाणपत्रच लागतं. शिवाजी विद्यापीठातून ते घ्यायचं राहिलं असेल तर आजच अर्ज करा. आणि पदवी लॅमिनेट केली असेल तर ती अटेस्टेशनला, म्हणजे खरेपणाचा सरकारी शिक्का घ्यायला, चालत नाही, कारण शिक्का प्लॅस्टिकवर उमटत नाही. घरोघरी हा उद्योग मोठ्या मायेने केलेला असतो.

अटेस्टेशनचा क्रम असा: आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय. देश एकमेकांचे कागद मान्य करण्याच्या हेग करारात असेल तर मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे त्या करारातला शिक्का, पुरतं: ओमान, बहारीन आणि सौदी. अमिराती, कतार, कुवेतसाठी त्यापुढे वकिलातीचा शिक्का लागतो. अपोस्टीलची सरकारी फी कागदाला ५० रुपये आहे. वरची रक्कम एजन्सी आणि कुरिअरची. त्यामुळे कोणी हजारोंचा आकडा सांगितला तर कशाचे किती, हे फोडून मागा.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून, ५०० रुपये भरून मिळतं. सातारा आणि सांगलीच्या पोस्ट ऑफिसातल्या पासपोर्ट केंद्रातही त्यासाठी अपॉइंटमेंट घेता येते. ते आधीच काढून ठेवू नका. बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आतलंच चालतं. पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असा शेरा आहे का, तेही बघा. पासपोर्ट काढताना दहावीचं प्रमाणपत्र जोडलं नसेल तर तो पडतो, आणि आखातात जाताना त्यापायी वेगळी परवानगी लागते. प्रमाणपत्र जोडून पासपोर्ट रीइश्यू केला की शेरा जातो.

आखातातल्या सीबीएसई शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि थायलंडचं मेच्या मध्यावर, म्हणून खऱ्या जाहिराती डिसेंबर ते मार्चमध्ये दाट येतात. जुलैत ‘दहा दिवसांत रुजू व्हा’ म्हणणारी ऑफर खरी असू शकते, पण मग आधीचा शिक्षक वर्षाच्या मध्येच का गेला, हे विचारायचं. आणि इथल्या शाळेचा राजीनामा ऑफर लेटरवर द्यायचा नाही, करारावरही नाही. व्हिसा हातात आला, त्यावरचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि मालकाचं नाव करारातल्याशी जुळलं, की मगच.